दातांचे प्रत्यावर्तन आणि कॉफीचा प्रश्न

उपचाराने सरळ केलेले दात कालांतराने आपल्या पूर्वस्थानाकडे सरकू लागतात. या घटनेस प्रस्तुत टिपणात प्रत्यावर्तन म्हटले आहे. कॉफीच्या सेवनाचा त्यावर काही परिणाम होतो काय, असा प्रश्न अलीकडे विचारला जातो. त्याचा विचार करण्यापूर्वी या विषयाचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे. कारण एकाच कारणावर भिस्त ठेवणाऱ्यांची येथे वारंवार निराशा झाली आहे.

अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल (१८५५–१९३०) यांची धारणा अशी होती की, सर्व दात राखून वरच्या व खालच्या दातांची योग्य जुळणी साधली, म्हणजे ती टिकून राहते. काही रुग्णांत दात काढणे आवश्यक असते, असे प्रतिपादन करून कॅल्व्हिन केस यांनी १९११ मध्ये तिला आव्हान दिले. पुढे अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी आपल्याच रुग्णांतील अपयश पाहून गुरूचे मत बाजूस सारले व दाढांपुढील चार उपदाढा काढण्याचा मार्ग अवलंबिला. तथापि तोही निर्णायक ठरला नाही. असे उपचार झालेल्या ६५ रुग्णांची, रिटेनर सोडून दहा वर्षे लोटल्यानंतरची पाहणी रॉबर्ट लिटल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिअ‍ॅटल येथून १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांत खालच्या पुढील दातांची मांडणी असमाधानकारक आढळली.

दरम्यान नॉर्वेचे कारे रायटान यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखविले की, फिरविलेल्या दाताभोवतालचे अस्थी पुन्हा घडले, तरी हिरडीतील तंतू कित्येक महिने ताणलेलेच राहतात. अशा रीतीने लक्ष यंत्राकडून ऊतींकडे वळले.

कॉफीचा प्रश्न याच टप्प्यावर उपस्थित होतो. अस्थींच्या झिजेशी कॅफीनचा संबंध असल्याने त्याचे प्रयोग उंदरांवर झाले. परंतु कॅफीनने दातांचे सरकणे वाढते की घटते, याविषयी त्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. शिवाय बलाने दात सरकविणे व बल काढल्यावर तो परतणे, या दोन निराळ्या घटना होत. त्यावरून माणसाच्या रोजच्या पेल्याविषयी निर्णय देणे युक्त नव्हे. कढत कॉफीने प्लॅस्टिकचा पारदर्शक रिटेनर वाकू शकतो, ही गोष्ट मात्र व्यवहारात ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

सारांश, रुग्णास कॉफी वर्ज्य करावयास सांगून रिटेनरविषयी मौन पाळणे, म्हणजे त्याच्या कित्येक वर्षांच्या श्रमावर पाणी सोडणे होय.