बीजाबाहेरचा गर्भ

सिंगापुरात बुकित तिमाह रस्त्यावर मेट्रोतून वर आलं की समोर वनस्पती उद्यानाचं फाटक दिसतं. पाइन-स्प्रूसच्या प्रयोगशाळेतल्या गर्भाची कुळकथा मी इथूनच सांगेन, ऑर्किडपासून. ऑर्किडचं बी म्हणजे नुसती धूळ. गर्भासाठी त्यात शिदोरीच नसते. अमेरिकेत लुइस नडसन यांनी 1922 मध्ये ते साखर घातलेल्या अगरवर, म्हणजे आपल्या चायना ग्रासवर, रुजवलं. त्या दशकाच्या अखेरीस इथले संचालक एरिक होल्टम यांनी ती रीत उचलली आणि बाटल्यांतून संकरित ऑर्किडं वाढू लागली. 1949 मध्ये होल्टम याच रस्त्यावरच्या तेव्हाच्या मलाया विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले.

साखरेनं पोट भरतं, वळण लागत नाही. 1941 मध्ये व्हान ओव्हरबीक आणि सहकाऱ्यांनी धोतऱ्याच्या इवल्या गर्भांना नारळाचं पाणी दिलं, आणि ते वाढले. नारळानं स्वतःच्या गर्भासाठी साठवलेल्या त्या पाण्यात संप्रेरकं असतात.

बाटलीतली हीच रीत झाडांवर वापरून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रमोद गुप्ता, नाडगीर, मस्करेन्हस आणि जगन्नाथन यांनी शंभर वर्षांच्या सागाच्या कळ्यांपासून रोपं केली. तो निबंध 1980 चा. पुढे गुप्ता कॅलिफोर्नियात डर्झन यांच्याकडे गेले आणि 1986 मध्ये दोघांनी शुगर पाइनच्या बियांतल्या गर्भांपासून बाटलीत नवे गर्भ मिळवले.

यातली मेख मला फार आवडते. पाइनच्या एका बीत गर्भ एकच उरतो, पण सुरुवातीला तो फुटून त्याचे चार होतात. तिघे मागे पडतात. बाटलीत ऑक्सिन आणि सायटोकायनिन ही संप्रेरकं दिली की हे फुटणं थांबतच नाही. ओल्या कापसासारखा पांढरा, चिकट गोळा वाढत राहतो. भिंगाखाली पाहिलं तर टोकाशी दाट पेशींचा ठिपका आणि मागे लांब पारदर्शक शेपट्या. मग ती संप्रेरकं काढून अॅब्सिसिक आम्ल द्यायचं. फुटणं थांबतं, गर्भ भरतो, त्याला बीजपत्रं येतात.

जनुक घालायलाही हाच गोळा हवा, कारण त्यातून पुन्हा अख्खं झाड उभं राहतं. 1993 मध्ये पांढऱ्या स्प्रूसच्या अशाच गर्भांवर जनुकबंदुकीनं डीएनए लावलेले धातूचे कण झाडले गेले आणि जनुक टिकलेली रोपं मिळाली.

नॉर्वे स्प्रूसचे असे गर्भ 1985 मध्ये मिळवणाऱ्या दोघींपैकी एक, सारा फॉन आर्नोल्ड. त्यांच्यासोबत पुण्याच्या त्याच प्रयोगशाळेतल्या माथुर आणि रजनी नाडगौडा यांनी 2000 मध्ये हिमालयातल्या चीड पाइनवर काम प्रसिद्ध केलं. त्यांची सुरुवात होती चीडच्या कच्च्या बियांतल्या गर्भांपासून.