बाटलीतली माती

रॉथ-सी हे मातीतल्या कार्बनचं प्रारूप पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी निराशाच झाली. इतकंसं? दर महिन्याचं तापमान, पाऊस, बाष्पीभवन, मातीतल्या चिकणमातीचं प्रमाण, शेत झाकलेलं आहे की उघडं, आणि धसकटं-शेणखतातून किती कार्बन आत आला, एवढंच द्यायचं. कार्बनचे पाच कप्पे. चार आपापल्या गतीने कुजतात, पाचवा जागचा हलत नाही. कुजताना किती कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल, ते कळतं. एका दुपारी लिहून होईल असा कोड. पण कुजण्याचे हे दर आले कुठून, हे शोधत गेलो आणि थेट १८४३ सालात पोचलो.

त्या वर्षी इंग्लंडमधल्या रॉथम्स्टेडला जॉन बेनेट लॉज या जमीनदाराने ब्रॉडबॉक नावाच्या शेतात प्रयोगाचा गहू पेरला. आदल्याच वर्षी त्याने सुपरफॉस्फेटचं पेटंट घेतलं होतं. सोबतीला रसायनशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री गिल्बर्ट. प्रश्न साधा होता: कुठल्या खताने गहू जास्त पिकतो? एका पट्ट्याला शेणखत, एकाला काहीच नाही, बाकीच्यांना निरनिराळी रासायनिक खतं. मात्र धान्याचे, पेंढ्याचे, मातीचे नमुने त्यांनी बाटल्या-डब्यांत भरून जपले. १८८२ मध्ये शेताच्या टोकाचा गहू कापलाच नाही, जमीन तशीच सोडून दिली. तिच्या एका भागात आज झाडी आहे, आणि मातीत कार्बन साठत गेला आहे.

पुढे १९५०-६०च्या दशकांतल्या अण्वस्त्रचाचण्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढवला. पिकांमार्फत तो मातीत उतरला. जुन्या बाटल्यांतल्या मातीत ही वाढ नव्हती, नव्या मातीत होती. त्या फरकावरून मातीतला कार्बन किती वेगाने बदलतो, ते मोजता आलं. जेन्किन्सन आणि रेनर यांनी १९७७ साली हे सगळं जोडून गणित मांडलं. १९९१ मध्ये जेन्किन्सन आणि सहकाऱ्यांनी ते साऱ्या जगाला लावलं: तापमान दरवर्षी ०.०३ अंशांनी वाढलं, तर ६० वर्षांत मातीतून ६१ अब्ज टन जादा कार्बन बाहेर पडेल.

हेच प्रारूप नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी गंगेच्या मैदानासाठी वापरून पाहिलं. तिथे भात पिकतो. रॉथ-सी मात्र पाणी न तुंबणाऱ्या मातीसाठी रचलेलं आहे. भरलेल्या खाचरात कुजणं मंदावतं आणि मिथेन निघतो. हा मिथेन त्या पाच कप्प्यांच्या हिशेबात नाही. म्हणून अशी प्रारूपं इथल्या मोजमापांवर तपासून घ्यावी लागतात. आपल्याकडचे बरेच दीर्घकालीन खत-प्रयोग १९७० पासूनचे. त्यांचं मोल इथे कळतं.

आता शेतकऱ्याला कार्बन क्रेडिटचे पैसे देण्याची भाषा चालू आहे, आणि तो आकडा बहुतेक वेळा अशाच प्रारूपातून निघतो. प्रारूप त्याच्या मातीवर तपासलेलं नसेल, तर चुकीचा भुर्दंड त्यालाच. आमच्या धंद्यात जुन्या नोंदी जागा अडवतात म्हणून पुसतात. मीही पुसल्या आहेत. लॉज आणि गिल्बर्टला आपल्या बाटल्यांचा हा उपयोग ठाऊक असणं शक्य नव्हतं. त्यांनी फक्त त्या फेकल्या नाहीत.