खंड आणि भाग : प्रवरा खोऱ्यातील ऊसउत्पादकांच्या सहकाराची पूर्वपीठिका

१

तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील लोणी येथे उभा राहिलेला प्रवरा सहकारी साखर कारखाना हा महाराष्ट्राच्या ग्रामीण इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा होय, याविषयी अभ्यासकांत दुमत नाही. १९५०-५१ हा त्याचा पहिला गळीत हंगाम. तथापि या घटनेचे जे वर्णन बहुधा केले जाते, ते गौरवपर असते. एका शेतकऱ्याची जिद्द, एका अर्थशास्त्रज्ञाचे मार्गदर्शन आणि माळरानावर उभी राहिलेली चिमणी, एवढ्यात ते आटोपते. 'आशिया खंडातील पहिला सहकारी साखर कारखाना' हे विशेषणही त्याला सररास लावण्यात येते. वस्तुतः आंध्र प्रदेशातील एटिकोप्पाका येथे १९३३ मध्येच सहकारी तत्त्वावर साखरनिर्मिती सुरू झाली होती. प्रवरेचे महत्त्व पहिलेपणात शोधण्याचे कारण नाही. कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्याचे स्वतःच्या जमिनीशी व पिकाशी असलेले नाते तेथे पालटले, हे त्याचे खरे महत्त्व.

हा पालट त्या प्रदेशातील दोन साध्या शब्दांतून पाहता येतो. ते शब्द म्हणजे 'खंड' आणि 'भाग'. दोहोंचाही मूळ अर्थ तुकडा किंवा हिस्सा असाच आहे. परंतु खंड घेणारा आणि भाग घेणारा यांची समाजातील स्थिती सर्वस्वी भिन्न होती.

२

प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्यापूर्वी, १९१६ च्या सुमारास, दारणा धरणामुळे गोदावरीचे कालवे वाहू लागले होते. ही कामे प्रामुख्याने दुष्काळनिवारणाच्या हेतूने हाती घेण्यात आली. बाजरी आणि ज्वारी ही पिके अवर्षणात वाचावीत, ही मूळ कल्पना. परंतु पाऊस बरा झाला की ज्वारी-बाजरीला पैसे मोजून पाणी घेण्यास शेतकरी राजी नसे, आणि पाऊस हटला की सर्वांनाच एकदम पाणी हवे असे. कालव्याचा खर्च भरून काढील असे बारमाही पीक म्हणजे ऊस. दख्खनच्या कालव्यांवर विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जी ब्लॉक पद्धत सुचविली, तिचे मर्म येथेच होते. जमिनीच्या ठराविक तुकड्याला काही वर्षे पाण्याची हमी मिळावी, त्यातील मर्यादित हिस्स्यात ऊस व्हावा आणि उरलेल्या जमिनीत अन्य पिके फिरती राहावीत, अशी ती योजना होती.

ऊस आला, तसा गूळही आला. गुऱ्हाळ हे त्या काळच्या बागायती अर्थव्यवस्थेचे केंद्र होते. चरक, चुलवाण, काहील आणि पाक नेमका कधी उतरवावा हे जाणणारा गुळव्या, एवढ्या सामग्रीवर शेतकरी उसाचे रूपांतर टिकाऊ मालात करू शकत असे. पण आडसाली ऊस शेतात दीड वर्ष उभा राहतो. तेवढ्या काळात पाणीपट्टी, खत आणि मजुरी यांसाठी रोकड लागे. ही रोकड आडत्या देई, आणि गूळ त्याच्याच पेढीवर घालावा, अशी अट त्यामागे असे. ढेपांचा भाव पेठेत ठरे. मागील उसनवारी, व्याज, आडत आणि हमाली वजा होऊन उरेल ते शेतकऱ्याच्या हाती पडे. १९३० नंतरच्या जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले, तेव्हा या व्यवस्थेतील सारा तोटा उत्पादकाच्या अंगावर आला.

३

याच सुमारास साखर कंपन्यांचा विस्तार झाला. हरेगाव येथील बेलापूर कंपनी त्यापूर्वीची होती. परंतु १९३२ च्या कायद्याने देशी साखर उद्योगास जकातीचे संरक्षण मिळाले आणि दख्खनच्या कालव्यांवर संयुक्त भांडवलाचे अनेक कारखाने निघाले. उत्तर हिंदुस्थानातील कारखाने बहुधा शेतकऱ्यांकडून ऊस विकत घेत. दख्खनमध्ये मात्र कंपन्यांनी स्वतः ऊस पिकविण्याचा मार्ग पत्करला. ऊस तोडल्यानंतर तो लवकर गाळला गेला नाही तर त्याचा साखर-उतारा घसरतो. त्यामुळे कारखान्याला जवळचा, खात्रीचा आणि क्रमाने तोडता येणारा ऊस लागतो. कालव्याकाठची सलग जमीन हाती असणे हा त्यावरचा कंपन्यांना सोयीचा उपाय होता. त्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने, ठराविक खंडाने घेतल्या.

जमिनीचा मालक 'खंडकरी' झाला तो असा. मराठीत खंडकरी हा शब्द पूर्वीपासून आहे. खंडाने दुसऱ्याची जमीन करणारा कूळ, असा त्याचा सामान्य अर्थ होतो. अहमदनगर आणि सोलापूर जिल्ह्यांच्या कालवा-विभागात मात्र कंपनीला जमीन देऊन खंड घेणारा मूळ मालकच या नावाने ओळखला जाऊ लागला. हा अर्थपालट लक्षणीय आहे. भाषेने मालकाला कुळाचे नाव दिले, आणि आर्थिक दृष्ट्या ते अगदीच अयथार्थ नव्हते. जमीन त्याच्या नावे राहिली, पण तीत काय पेरावे, कोणी राबावे आणि मालाचे काय करावे, यांपैकी कशावरही त्याचा अधिकार राहिला नाही. पाणी आल्यामुळे जमिनीची जी उत्पादकता वाढली, तिचा लाभ ठरलेल्या खंडाच्या पलीकडे त्याला मिळत नसे.

व्युत्पत्तीच्या अभ्यासकाला येथे आणखी एक योगायोग दिसेल. संस्कृत 'खण्ड' या शब्दापासूनच साखरेचा वाचक 'खांड' हा शब्द आला, आणि त्यावरून 'खांडसरी'. एकाच मूळ शब्दाच्या दोन वंशजांपैकी खांड कंपनीकडे गेली आणि खंड शेतकऱ्याकडे राहिला.

या स्थितीला उत्पादकांनी दिलेले एक उत्तर प्रवरेच्याही आधीचे आहे. सासवडच्या माळी समाजातील बागाईतदार कालव्यांमागोमाग सोलापूर जिल्ह्यात उतरले होते. त्यांनी १९३२ मध्ये स्वतःची कंपनी स्थापून माळीनगर येथे कारखाना काढला. ऊस पिकविणारा साखरही करू शकतो, हे त्यांनी सिद्ध केले. परंतु तो प्रयोग जातीच्या आणि नातेसंबंधांच्या बळावर उभा होता, व त्याचे कायदेशीर रूप कंपनीचेच होते. निरनिराळ्या गावांच्या व जातींच्या, लहानमोठ्या धारणेच्या शेतकऱ्यांना तो जसाच्या तसा उचलता येण्याजोगा नव्हता.

४

लोणी बुद्रुक येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ मध्ये सहकारी पतपेढी सुरू केली होती. उच्च शिक्षण न लाभलेल्या या शेतकऱ्याने आधी कर्जाचा प्रश्न हाती घेतला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आडत्याच्या उसनवारीतून सुटल्याखेरीज मालावर हक्क सांगता येत नाही, हा अनुभव कारखान्याच्या कल्पनेमागे दोन तपे उभा होता.

दुसरीकडे पुण्यात धनंजयराव गाडगीळ १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत शेतमालाच्या व्यवहाराचा प्रत्यक्ष पाहणीने अभ्यास करीत होते. पुण्याच्या फळबाजारावरील त्यांचे विवेचन १९३३ चे. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांपासून होणाऱ्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची त्यांची पाहणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. कालव्याचा लाभ म्हणजे केवळ पाणीपट्टीचे उत्पन्न नव्हे. त्याची गणना साऱ्या प्रदेशाच्या व्यवहारात व्हावयास हवी, ही तिच्यामागील दृष्टी. या अभ्यासामुळे गाडगीळांचा याच खोऱ्यातील शेतीशी निकटचा परिचय झाला होता.

हे दोन प्रवाह १९४५ च्या डिसेंबरात एकत्र आले. बेलापूर रोड येथे, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, कालव्यांवरील बागाईतदारांची परिषद गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली भरली आणि ऊसउत्पादकांनी सहकारी कारखाने काढावेत, असा विचार तेथे पुढे आला. त्यानंतरचे काम कष्टाचे होते. विखे पाटील आणि त्यांचे सहकारी गावोगाव हिंडून भाग गोळा करू लागले. कंपन्यांचे व्यवहार ज्यांनी पाहिले होते, त्या शेतकऱ्यांना कागदावरच्या कारखान्यासाठी रोख रक्कम देण्यास प्रवृत्त करणे सोपे नव्हते. त्या वेळी मुंबई राज्याचे अर्थमंत्री असलेले वैकुंठभाई मेहता स्वतः सहकारी बँकिंगमध्ये मुरलेले होते. त्यांचा पाठिंबा निर्णायक ठरला. शासनाचे भागभांडवल आणि १९४८ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज यांच्या आधारे यंत्रसामग्री आली. गाडगीळ कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले व सुमारे दशकभर त्या पदावर राहिले. विखे पाटील उपाध्यक्ष होते. विद्वान आणि शेतकरी यांनी एकाच संचालक मंडळात इतका काळ काम केल्याची उदाहरणे आपल्याकडे विरळच.

५

'भाग' घेतल्याने नेमके काय पालटले? पहिली गोष्ट अशी की, ऊस पुरविणारा आणि ऊस घेणारा यांच्यातील हितविरोध संस्थेच्या आतच मिटवावा लागला. खासगी कारखान्यात उसाचा भाव हा खर्च असतो, आणि तो जितका कमी तितका नफा अधिक. सहकारी कारखान्यात उसाचा भाव हेच उत्पन्नाच्या वाटणीचे मुख्य साधन झाले. हंगामाच्या आरंभी 'पहिली उचल' द्यावयाची आणि साखर विकली गेल्यावर हिशेब करून अंतिम भाव ठरवावयाचा, ही रीत त्यातूनच रुळली. दुसरी गोष्ट, एक सभासद एक मत या नियमामुळे दोन एकरांचा बागाईतदार आणि पन्नास एकरांचा पाटील निदान मतपेटीपुढे समान झाले. तिसरी गोष्ट, उसाच्या बिलातून कपात करून ठेवी उभारण्याची प्रथा पडली, आणि भांडवल खोऱ्यातच साठू लागले. पुढे निघालेल्या शाळा, रस्ते आणि रुग्णालये यांचे मूळ या साठ्यात आहे.

या पालटाची खूण शब्दांतही उमटली. 'सभासद' हा शब्द एके काळी राजसभेतील मानकऱ्याचा. कृष्णाजी अनंत सभासद या बखरकाराच्या नावात तो परिचित आहे. 'कारखाना' ही शिवकालीन राज्यव्यवहारातील अठरा खात्यांची संज्ञा. हे दोन्ही दरबारी शब्द आता उसाच्या फडात आले. 'मी कारखान्याचा सभासद आहे' हे वाक्य कालवाकाठच्या शेतकऱ्याच्या तोंडी येऊ लागले, तेव्हा खंडकरी या शब्दातील हीनत्वाला उत्तर मिळाले.

प्रवरेनंतर कोपरगाव, माळेगाव, इचलकरंजी, वारणा अशी परंपरा वाढत गेली. परवाने देताना सहकारी संस्थांना अग्रक्रम देण्याचे जे धोरण १९५० नंतरच्या दशकात केंद्र शासनाने स्वीकारले, त्याचा यात मोठा वाटा होता. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने खासगी कारखान्यांच्या जमिनी शासनाकडे आल्या आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे त्या सोपविण्यात आल्या. मूळ खंडकऱ्यांना मात्र त्या तत्काळ परत मिळाल्या नाहीत. दीर्घ लढ्यानंतर त्यांचे वाटप होऊ लागले ते एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात.

६

सहकाराच्या या इतिहासाला दुसरी बाजू आहे, आणि तिचा विचार केल्याखेरीज मूल्यमापन पुरे होणार नाही. भाग हा उसावर, ऊस पाण्यावर आणि पाणी कालव्याच्या रेषेवर अवलंबून होते. त्या रेषेबाहेरचे कोरडवाहू गाव सहकाराच्याही बाहेर राहिले. कारखान्याने तोडणी व वाहतूक आपल्याकडे घेतल्यावर त्याच कोरडवाहू गावांतून, विशेषतः बीड जिल्हा आणि पाथर्डीचा परिसर येथून, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दर हंगामी येऊ लागल्या. या व्यवहाराची भाषा पाहण्यासारखी आहे. तोडणी करणाऱ्या पतिपत्नीच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसांची मोजणी एका हत्याराने होते. मुकादमामार्फत त्यांना हंगामापूर्वी मिळणाऱ्या रकमेलाही 'उचल' हेच नाव आहे. सभासदाची उचल ही त्याच्या येण्यातील पहिला हप्ता असते. मजुराची उचल हे कर्ज असते आणि ते अंगमेहनतीने फेडावयाचे असते. ज्या आडत्याच्या उसनवारीतून बागाईतदार सुटला, तिचीच एक आवृत्ती त्याच्या उसाच्या फडात मजुराच्या वाट्याला आली.

पुढील काळात अनेक सहकारी कारखाने कर्जबाजारी झाले. काही विकले गेले, तर काही भाडेपट्ट्याने खासगी संस्थांकडे चालविण्यास देण्यात आले. जेथे हे घडले तेथे सभासदाचा भाग कागदापुरता उरला आणि भाव ठरविण्याचा त्याचा अधिकार गेला. खंडकऱ्याच्या जुन्या स्थितीशी असलेले याचे साम्य उघड आहे.

यावरून एक निष्कर्ष निघतो. स्थानिक शेतीला आणि तिच्यावर उभ्या राहणाऱ्या अन्नोद्योगाला बळ द्यावयाचे तर शेतकऱ्याला केवळ अधिक रक्कम मिळवून देणे पुरेसे होत नाही. खंडाचा दर वाढवूनही ते करता आले असते. माल कोठे जाईल, त्याचे काय होईल आणि त्याचा हिशेब कोण तपासील, या निर्णयांत त्याला वाटा असावा लागतो. १९४५ ते १९६० या काळात प्रवरेच्या खोऱ्यात पतपेढी चालविणारे शेतकरी, पाहणी करणारे अर्थशास्त्रज्ञ आणि सहकार जाणणारे प्रशासक यांनी हा वाटा प्रत्यक्षात आणला. तो ज्यांच्यापर्यंत पोहोचला नाही, त्यांचा इतिहास याच कारखान्यांच्या दप्तरांतून, टोळ्यांच्या करारांतून आणि मुकादमांच्या वह्यांतून लिहिला जावयास हवा. सहकाराच्या अभ्यासातील ते काम अजून पुष्कळसे शिल्लक आहे.