चार मिनिटे सदतीस सेकंद

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, मेक्सिकोच्या आखातालगतच्या ह्यूस्टन आणि गॅल्व्हेस्टन परिसरात बर्फ पडला. ही उकाड्याची, दमट हवेची शहरे. घरे बांधताना विचार उन्हाचा होतो. पाण्याचे पाइप माळ्यावरून जातात, त्यांना वेष्टन नसते. तिथे पोटापाण्यासाठी गेलेली मराठी कुटुंबेही बरीच आहेत. हिवाळ्यात नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्याचे घड्याळ टेक्सासच्या साडेअकरा तास पुढे असते. खालच्या वेळा टेक्सासच्या आहेत.

ऑगस्ट २०११

त्याच वर्षी २ फेब्रुवारीला थंडीने वीजकेंद्रे बंद पडली होती आणि ४,००० मेगावॉटचे भारनियमन करावे लागले होते. आता केंद्रीय नियामकांचा अहवाल येतो. वीजकेंद्रे आणि गॅसविहिरींच्या नळ्या, व्हॉल्व्ह, मापक यंत्रे गोठू नयेत अशी सोय करा, असे तो सांगतो. १९८९ च्या थंडीनंतरही हेच सुचवले होते, याची आठवणही देतो. ही शिफारस आहे, सक्ती नाही. राज्याच्या पश्चिम टोकाला एल पासो शहर वेगळ्या ग्रिडवर, म्हणजे वीजजाळ्यावर, आहे. तिथली वीज कंपनी यंत्रणेवर पैसा खर्च करते. बाकी राज्यात ज्याने त्याने आपापले ठरवायचे असते.

५ नोव्हेंबर २०२०

टेक्सासची सुमारे ९० टक्के वीज सांभाळणारी संस्था 'एर्कॉट' हिवाळ्याचा अंदाज जाहीर करते. कडाक्याची थंडी पडली तर मागणी ६७,२०८ मेगावॉटपर्यंत जाईल, त्याहून जास्त वीज हाताशी आहे. थंडीने एकाच वेळी किती केंद्रे बंद पडतील, याचा हिशेब २०११ सारख्या अनुभवावर बेतलेला आहे. त्याहून वाईट काही गृहीत धरलेले नाही.

सोमवार, ८ फेब्रुवारी २०२१

उत्तर ध्रुवाकडची थंड हवा खाली उतरते आहे. एर्कॉट वीजकेंद्रांना पहिली सूचना पाठवते. १० तारखेला दुसरी जाते, ११ तारखेला तिसरी, आणखी कडक.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

एर्कॉटच्या संचालक मंडळाची बैठक होते. येणाऱ्या थंडीचा विषय निघतो. त्यावर मिनिटभरही चर्चा होत नाही.

गुरुवार, ११ फेब्रुवारी, सकाळी ६ च्या सुमारास

फोर्ट वर्थ शहराजवळ महामार्गावर बर्फाचा पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर धरला आहे. १३० हून अधिक वाहने एकमेकांवर आदळतात. सहा जणांचा मृत्यू होतो. मुख्य वादळ अजून तीन दिवस लांब आहे.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट राज्यातल्या सर्व २५४ काउंटींत, म्हणजे जिल्ह्यांत, आपत्ती जाहीर करतात.

एक काम मात्र राहून गेले आहे. वीजकेंद्रे गॅसवर चालतात आणि गॅस पाइपलाइनमधून ढकलणारे कित्येक पंप विजेवर. भारनियमनात अशा पंपांची वीज तोडू नये, म्हणून कंपनीने दोन पानांचा अर्ज भरून द्यायचा असतो. अनेक गॅस कंपन्यांनी तो भरलेलाच नाही. वीज वितरण कंपन्यांच्या यादीत त्यांचे पंप इतर ग्राहकांसारखेच आहेत.

रविवार, १४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६ ते ७

टेक्सासमधल्या निम्म्याहून अधिक घरांत हीटर विजेवर चालतो. मागणी ६९,२२२ मेगावॉटला पोहोचते. हिवाळ्यातला हा तोवरचा उच्चांक होता. नोव्हेंबरमधला सर्वांत वाईट अंदाज २,०१४ मेगावॉटने मागे पडतो. यावेळेपर्यंत सगळ्यांना वीज मिळते आहे.

रात्री ११ नंतर

केंद्रे एकेक करून बंद पडू लागतात. बॉयलर किंवा टर्बाइन गोठत नाही. गोठते ती बोटाएवढी मापक नळी. तिच्यातले पाणी वाहते नसते, जागच्या जागी उभे असते. ते गोठले की यंत्राला दाब चुकीचा दिसतो आणि सुरक्षा यंत्रणा अख्खे केंद्र बंद करते. गॅसविहिरींच्या तोंडाशी पाणी गोठून गॅस अडतो. पवनचक्क्यांच्या पात्यांवर बर्फ चढतो.

सोमवार, १५ फेब्रुवारी, रात्री १२.१५

एर्कॉट आणीबाणीची पहिली पायरी जाहीर करते. राखीव वीज वापरायला काढली जाते.

१.०७

दुसरी पायरी. ज्या कारखान्यांशी आधी करार झालेला आहे, त्यांची वीज कमी केली जाते.

१.२०

तिसरी आणि शेवटची पायरी. वितरण कंपन्यांना आदेश जातो: १,००० मेगावॉटचे भारनियमन करा.

तोडलेल्या फीडरांवर, म्हणजे वस्तीला वीज नेणाऱ्या वाहिन्यांवर, घरे आहेत आणि गॅसचे पंपही आहेत. पंप थांबतात, गॅसचा दाब उतरतो, आणखी केंद्रे बंद पडतात. मग आणखी वीज तोडावी लागते.

१.५१

अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झवर चालते, आपली ५० वर. मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की हा आकडा घसरतो. तो आता ५९.४ च्या खाली जातो. इथे एक घड्याळ सुरू होते. आकडा सलग नऊ मिनिटे या रेषेखाली राहिला, तर उरलेली केंद्रे स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप बाहेर पडू लागतील. मग ग्रिड कोसळेल आणि ती शून्यापासून उभी करायला कित्येक आठवडे लागू शकतील. भारतात ३० जुलै २०१२ ला पहाटे २.३३ वाजता उत्तर भारताची ग्रिड कोसळली होती, पण शेजारच्या ग्रिडची वीज घेऊन ती काही तासांत उभी राहिली. टेक्सासने आपली ग्रिड शेजारच्या राज्यांपासून मुद्दाम वेगळी ठेवली आहे. बाहेरून वीज आणणाऱ्या वाटा मोजक्याच आहेत.

देवळ्यात दुपारचे १.२१ झाले आहेत. जवळच्या उमराण्याच्या बाजारात कांद्याचा हंगाम चालू आहे.

१.५५

आकडा ५९.३०२ वर येतो. एर्कॉटच्या नियंत्रण कक्षातून एकामागून एक आदेश सुटतात: आणखी वीज तोडा, आणखी तोडा. आकडा वळतो. तो ५९.४ च्या खाली ४ मिनिटे २३ सेकंद होता. नऊ मिनिटांपैकी ४ मिनिटे ३७ सेकंद उरली होती.

दोनच्या सुमारास एकूण १०,५०० मेगावॉट तोडून झालेले असतात. ग्रिड वाचली आहे.

मध्यरात्रीनंतर, ह्यूस्टन

हॅरिस काउंटीच्या आरोग्य विभागाच्या इमारतीची वीज जाते. जनरेटरही चालू होत नाही. आत मॉडर्नाच्या कोविड लशीचे ८,००० हून अधिक डोस आहेत. ते वाया जाऊ नयेत म्हणून दिवस उजाडल्यावर रुग्णालये, राइस विद्यापीठ आणि तुरुंगात वाटले जातात.

पहाटे साडेपाचच्या सुमारास

आखाताजवळच्या साउथ टेक्सास अणुवीज प्रकल्पात पाण्याचा दाब मोजणारी एक नळी गोठते. पहिली अणुभट्टी आपोआप बंद होते. सुमारे १,३०० मेगावॉट गेले. उष्ण हवेचा विचार करून इथले टर्बाइन उघड्यावर बसवलेले आहे.

सकाळ

भारनियमन आळीपाळीने व्हायचे होते. एका भागाची वीज १५ ते ४५ मिनिटे जाईल, मग दुसऱ्याची पाळी. देवळ्यातल्या शेतकऱ्याला शेतीपंपाची वीज पाळीनेच मिळते. रात्री बारा वाजता का होईना, ती येणार हे माहीत असल्याने तो बॅटरी घेऊन पाणी भरायला निघतो. टेक्सासमध्ये पाळी फिरवायला फीडरच उरले नाहीत. उरलेल्यांवर रुग्णालये होती, ते तोडता येत नव्हते. रात्री ज्यांची वीज गेली, ती गेलेलीच राहिली. सुमारे ४५ लाख घरे आणि दुकाने अंधारात गेली.

संध्याकाळ

तोडलेली वीज २०,००० मेगावॉटवर जाते. अमेरिकेच्या इतिहासात एवढे नियंत्रित भारनियमन झालेले नाही. राज्याची जवळपास निम्मी वीजनिर्मिती क्षमता बंद आहे.

लोक ऊब मिळवायला गॅरेजमध्ये गाडी चालू करून बसतात, कोळशाची शेगडी घरात आणतात, जनरेटर दाराशी लावतात. दारे-खिडक्या बंद असतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एकट्या हॅरिस काउंटीत विषबाधेचे ३०० हून अधिक संशयित रुग्ण नोंदवले जातात.

मंगळवार, १६ फेब्रुवारी, पहाट

ह्यूस्टनच्या विमानतळावर पारा उणे १०.६ अंश सेल्सिअसवर आहे. १९८९ नंतरची ही सर्वांत थंड पहाट. माळ्यावरचे पाइप फुटतात. ज्यांचे फुटले नाहीत, ते फुटू नयेत म्हणून नळ थेंबथेंब चालू ठेवतात, आणि शहरभर पाण्याचा दाब खाली येतो.

बुधवार, १७ फेब्रुवारी

ह्यूस्टन महापालिका पाणी उकळून प्यायला सांगते. ज्यांच्याकडे वीज नाही, त्यांच्याकडे उकळण्याची सोयही नाही. राज्यभरात १ कोटीहून अधिक लोकांचा पाणीपुरवठा विस्कळीत झालेला आहे. एल पासोत सुमारे ३,००० ग्राहकांची वीज गेली, बहुतेकांची काही मिनिटांपुरती.

मध्यरात्रीच्या सुमारास भारनियमनाचा शेवटचा आदेश मागे घेतला जातो. साडेसत्तर तास झाले.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी, सकाळी साडेदहानंतर

आणीबाणी संपल्याचे जाहीर होते. घरोघर छताचे ओले तुकडे आणि ओल्या गाद्या बाहेर काढल्या जात आहेत.

८ जून २०२१

गव्हर्नर अ‍ॅबट नव्या कायद्यावर सही करतात. वीजकेंद्रांना थंडीपासून संरक्षण आता सक्तीचे आहे. ते न केल्यास दिवसाला १० लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

राज्याच्या आरोग्य खात्याने मोजलेल्या मृतांची संख्या २४६. त्यातले दोन तृतीयांशांच्या आसपास लोक थंडीने गारठून गेले. ऑगस्ट २०११ मधल्या शिफारशीची सक्ती व्हायला नऊ वर्षे दहा महिने लागले.