तिरोडी

मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यातील मँगॅनीजच्या खाणीसाठी प्रसिद्ध असलेले गाव व तहसिलीचे ठिकाण. महाराष्ट्राच्या भंडारा जिल्ह्याच्या सीमेजवळ, वैनगंगेची उपनदी बावनथडी हिच्या परिसरात ते वसले आहे. या भागात हिंदी, मराठी, पोवारी व गोंडी बोलल्या जातात.

नागपूर–भंडारा–बालाघाट या मँगॅनीज पट्ट्यातील येथील खाण उघड्या (ओपनकास्ट) प्रकारची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य प्रांतात मँगॅनीजचे उत्खनन वाढले आणि बंगाल-नागपूर रेल्वेच्या तुमसर–तिरोडी शाखेने येथील खनिज मुख्य मार्गावर पोहोचवले. १९६२ मध्ये येथील खाण चालवणाऱ्या ‘मॉइल’ या कंपनीची स्थापना झाली, तिचे मुख्यालय नागपूरला आहे. तिरोडी पट्टिताश्म (नाइस) ही भूवैज्ञानिक संज्ञा व १९३८ मध्ये वर्णिलेल्या खनिजाचे तिरोडाइट हे नाव याच गावावरून पडले.

खाणीभोवतीचा मुलूख धानाचा आहे. पऱ्हे (रोपे) टाकल्यावर पाऊस लांबला की रोवणी (लावणी) अडते; म्हणून येथे पाणी साठवण्याची परंपरा जुनी आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि शेतकऱ्यांच्या बोड्या (लहान तळी) बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या धानशेतांना, पाणी देत. ब्रिटिश काळात वैनगंगेवर ढुटी येथे बंधारा घालून बालाघाट जिल्ह्यात कालव्याचे सिंचन सुरू झाले.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि भंडारा मुंबई राज्यात व पुढे महाराष्ट्रात गेला. बावनथडी दोन राज्यांची नदी ठरली. तिच्यावरील धरणासाठी दोन्ही राज्यांना एकत्र यावे लागले. त्यातून राजीवसागर हा संयुक्त प्रकल्प उभा राहिला. त्याच्या कालव्यांचा लाभ दोन्ही राज्यांतील शेतीला होतो.

या लाभाची किंमत तुमसर तालुक्यातील कमकासूर, सुसुरडोह यांसारख्या आदिवासी गावांनी विस्थापित होऊन मोजली. खनिजाने तिरोडीला नाव व रोजगार दिला, परंतु खनिज उपसले की संपते. धानाची शेती पाण्याच्या नीट वाटपावर पिढ्यान्‌पिढ्या चालते. म्हणून या भागाचे भवितव्य कालव्याच्या शेवटच्या टोकावरील बांधीपर्यंत पाणी पोहोचण्यावर आणि विस्थापितांना न्याय मिळण्यावर अवलंबून आहे.