फिरत्या विक्रेत्याची टिपणवही

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांविषयीं आपल्याकडील सुशिक्षित मनुष्याची एक ठाम समजूत असते. एकाच साच्यांतून काढलेलीं दुकानें, एकाच चवीचें अन्न आणि एकाच वेगानें धांवणारीं माणसें, असें त्या देशाचें चित्र त्यानें मनाशीं रंगविलेलें असतें. हें चित्र अगदींच खोटें आहे असें नाहीं. पण तें फार उशिराचें आहे. ज्या मोटारगाडीनें पुढें हा सारखेपणा आणिला, त्याच मोटारगाडीनें त्यापूर्वीं सुमारें तीस वर्षें तेथील लोकांना आपल्याच शेजारच्या जिल्ह्यांतील चूल दाखविली होती. त्या तीस वर्षांची हकीकत येथें सांगावयाची आहे. आणि तींत राष्ट्राध्यक्षांपेक्षां एका फिरत्या विक्रेत्याची, एका पोस्टमनची व एका पेट्रोलपंपवाल्याची गांठ अधिक पडेल.

आगगाडीच्या काळांतला प्रवासी गाडी जेथें थांबेल तेथें उतरे आणि पुढ्यांत येईल तें खाई. १९०८ सालीं हेन्री फोर्डनें 'मॉडेल टी' ही मोटार बाजारांत आणिली, तेव्हां तिची किंमत ८५० डॉलर होती. १९२५ च्या सुमारास ती ३०० डॉलरांच्याहि आंत आली. १९२७ सालीं ती गाडी बंद झाली तोंपर्यंत दीड कोटी गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. रस्ते मात्र चिखलाचे. १९१६ सालीं मध्यवर्ती सरकारनें रस्त्यांसाठीं पैसा देण्याचा कायदा केला आणि १९२६ सालीं देशभरच्या हमरस्त्यांना क्रमांक मिळाले. आतां कारकून, शिक्षक, दुकानदार अशा साध्या माणसांना रविवारची प्रार्थना आटोपली कीं बायकामुलांसह चाळीस-पन्नास मैल जाऊन संध्याकाळीं परत येतां येऊं लागलें. हें सर्व ठीक. पण दुपारीं भूक लागली म्हणजे जेवावयाचें कोठें?

आज हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. त्या वेळीं तो तसा नव्हता. परक्या गांवच्या खानावळींत दूध किती दिवसांचें, मांस कोठें ठेविलेलें, हें कळण्याची सोय नव्हती, आणि शिळ्या अन्नानें आजारी पडणारे प्रवासी कांहीं थोडे नव्हते. शिकागोच्या एका छापखान्याचा माल खपविणारा डंकन हाइन्स नांवाचा गृहस्थ आपल्या मोटारींतून गांवोगांव हिंडत असे. त्याचा जन्म १८८० सालीं केंटकी संस्थानांतील बोलिंग ग्रीन येथें झाला. आई लहानपणींच वारल्यामुळें तो आजीच्या हातचें खाऊन वाढला; आणि आजीच्या हातचें खाऊन वाढलेल्या मनुष्याला पुढें जन्मभर दुसऱ्याचें जेवण पसंत पडणें किती कठीण असतें, हें आपल्या वाचकांस सांगावयास नको. चांगलें जेवण कोठें मिळालें तें तो एका वहींत टिपून ठेवी. सुटीच्या दिवशींहि तो व त्याची पत्नी फ्लॉरेन्स केवळ जेवणासाठीं लांबलांब मजल मारीत. जेवावयास बसण्यापूर्वीं स्वयंपाकघर पाहावयाचें, आणि शक्य तर मागच्या दारचा उकिरडाहि पाहावयाचा, अशी त्याची परीक्षेची रीत होती. ही रीत सभ्यपणाची नसेल, परंतु तिच्याइतकी खरी परीक्षा दुसरी कोणती असेल असें मला वाटत नाहीं.

मित्रांच्या विचारणांना कंटाळून १९३५ च्या नाताळांत त्यानें शुभेच्छापत्राऐवजीं १६७ जेवणघरांची यादीच छापून पाठविली. तिला इतकी मागणी आली कीं १९३६ सालीं त्यानें 'अॅडव्हेंचर्स इन गुड ईटिंग' हें पुस्तक स्वतःच्या खर्चानें काढिलें. आरंभीं त्यांत खोटच आली; पण पुढें त्याच्या आवृत्तींमागून आवृत्ती निघाल्या. हाइन्सनें जेवणघरांकडून जाहिरात घेतली नाहीं, कीं फुकट जेवणहि घेतलें नाहीं. दारावर त्याच्या शिफारशीची पाटी लावावयाची असेल तर मात्र तिचें भाडें द्यावें लागे. त्याचे ठिकठिकाणचे वाचक त्याला पत्रांनीं नव्या जागा कळवीत व जुन्या बिघडल्या तर तक्रारहि करीत. आपल्या गांवांत काय चांगलें शिजतें याकडे त्या देशांतील पांढरपेशा वर्गाचें लक्ष प्रथमच इतक्या नेटानें गेलें.

आणि शिजत होतें तें तरी काय? मिशिगन संस्थानाच्या उत्तरेकडील भागांत तांब्याच्या व लोखंडाच्या खाणी होत्या. इंग्लंडांतील कॉर्नवॉलहून आलेल्या खाणकऱ्यांनीं तेथें 'पास्टी' आणिली. आपल्या करंजीच्याच घाटाची, पण हातभर मोठी. आंत मांस, बटाटे, कांदा आणि सलगमाच्या जातीचा एक पिवळसर कंद. खाणींत उतरतांना ती खिशांत घालून नेतां येई. मागाहून आलेल्या फिनलंडच्या लोकांनीं ती उचलली, आणि दोन पिढ्यांत ती इतकी त्यांची झाली कीं ती मुळांत त्यांचीच असें कित्येकांस वाटूं लागलें. १९२३ सालापासून संस्थानच्या सरकारी नावांतून मोटारी सामुद्रधुनीपलीकडे जाऊं लागल्या, तेव्हां दक्षिणेकडच्या शहरी माणसाला आपल्याच संस्थानांत असा एक पदार्थ आहे याचा पत्ता लागला. ओहायो संस्थानांतील सिन्सिनाटी शहरीं १९२२ सालीं मॅसेडोनियाहून आलेल्या दोघां भावांनीं एका नाटकगृहाशेजारीं लहानसें दुकान थाटलें. दालचिनी घातलेला खिम्याचा रस्सा शेवयांसारख्या इटालियन स्पॅगेटीवर ओतून ते देत, व त्याला टेक्ससकडचें 'चिली' हें नांव त्यांनीं दिलें. नांव एका प्रांताचें, शेवया दुसऱ्या देशाच्या, मसाला तिसऱ्या. आणि तरी आज तें अन्न त्या शहराची खूण होऊन बसलें आहे. केंटकीच्या पश्चिम भागांत ओवेन्सबरोच्या आसपास उन्हाळ्यांत कॅथॉलिक चर्चच्या जत्रा भरतात. तेथें मोठमोठ्या काहिलींत 'बर्गू' नांवाची मटणाची व भाज्यांची आमटी तासन् तास शिजत असते आणि ती ढवळण्याचा मान गांवांतील अनुभवी पुरुषांकडे असतो. आपल्याकडील भंडारा ज्यानें पाहिला आहे त्याला ही जागा परकी वाटणार नाहीं.

परंतु ही गोड हकीकत येथवरच सांगून थांबणें अप्रामाणिकपणाचें होईल. हाइन्सच्या पुस्तकांतील दक्षिणेच्या जेवणघरांत कृष्णवर्णीय नागरिकाला गोऱ्यांच्या पंक्तीला बसण्यास कायद्यानेंच बंदी होती. आणि उत्तरेंतहि, जेथें असा कायदा नव्हता, तेथें दारावरून परतविलें जाणें नवें नव्हतें. सूर्यास्तानंतर आपल्या हद्दींत काळा मनुष्य दिसतां कामा नये असें बजावणारीं गांवें होतीं. हीं कुटुंबें निघतांना जोड्यांच्या रिकाम्या खोक्यांत तळलेली कोंबडी, उकडलेलीं अंडीं व पाव बांधून घेत. शिदोरीची हौस म्हणून नव्हे, वाटेंत कोणी वाढील याचा भरंवसा नाहीं म्हणून. ज्या १९३६ सालीं हाइन्सचें पुस्तक निघालें, त्याच सालीं न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांतील व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या पोस्टमननें 'ग्रीन बुक' काढिलें. एकाच्या पुस्तकाचा प्रश्न होता, उत्तम जेवण कोठें? दुसऱ्याच्या पुस्तकाचा, जेवण कोठें? ग्रीनच्या यादींत हॉटेलांबरोबरच खासगी घरांचे पत्ते होते. एखादी विधवा बाई आपल्या घरांतील खोली प्रवाशास देई. एस्सो कंपनीच्या पंपांवर तें पुस्तक मिळे. या पुस्तकाची गरजच उरणार नाहीं असा दिवस यावा, ही इच्छा ग्रीननें त्यांतच व्यक्त केली होती. तो १९६० सालीं वारला. १९६४ सालीं नागरी हक्कांचा कायदा झाला आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच पुस्तक बंद पडलें. दोन्ही पुस्तकें शेजारीं शेजारीं ठेविल्यावांचून त्या काळची अमेरिकन सहल समजली असें कोणीं म्हणूं नये.

सरकारनेंहि या विषयांत हात घातला होता. मंदीच्या काळांत बेकार लेखकांना काम देण्यासाठीं १९३५ सालीं निघालेल्या योजनेंतून त्या वेळच्या ४८ संस्थानांचीं मार्गदर्शक पुस्तकें तयार झालीं. त्याच लेखकांकडून देशाच्या पांच विभागांचे खाद्याचार लिहवून घेण्याचें काम पुढें सुरू झालें. यूडोरा वेल्टी, नेल्सन आल्ग्रेन यांच्यासारख्या, पुढें नांवारूपास आलेल्या लेखकांचे कागद त्यांत आहेत. पाककृतींपेक्षां पंगती, चर्चचीं जेवणें, समुद्रकांठीं तापलेल्या दगडांवर शेवाळ घालून शिंपल्या शिजविण्याचे मेळावे, यांवर त्यांचा भर होता. डिसेंबर १९४१ मध्यें युद्ध आलें आणि काम अर्धवट राहून कागद पेट्यांत पडले. त्यांतील निवडक भाग मार्क कुर्लान्स्की यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केला.

आतां तो पेट्रोलपंपवाला. केंटकींतील कॉर्बिन गांवीं, २५ क्रमांकाच्या हमरस्त्यावर, १९३० सालीं हार्लंड सँडर्स यानें पंप घेतला. भुकेल्या वाटसरूंना तो आपल्याच घरच्या टेबलावर जेवूं घाली. पुढें तेथें खानावळ झाली आणि १९३९ च्या आवृत्तींत हाइन्सनें तिचें नांव घातलें. त्यानंतर १९५६ सालीं ४१,००० मैलांच्या नव्या महामार्गांचा कायदा झाला. नवा मार्ग कॉर्बिनला वळसा घालून जाणार हें कळतांच गिऱ्हाइकांचा ओघ आटणार हेंहि सँडर्सला कळलें. त्यानें खानावळ तोट्यांत विकली, आणि वयाच्या पासष्टी-सहासष्टींत मोटारींत कढई व मसाल्याची पुडी टाकून, आपली कोंबडी शिजविण्याचा हक्क तो गांवोगांवच्या खानावळींना विकत सुटला. तें नांव आज पुण्या-मुंबईंतहि वाचावयास मिळतें. हाइन्सनेंहि शेवटीं आपलें नांव विकलें. १९५१ पासून तें केकच्या तयार पिठाच्या डब्यावर आलें. १९५९ सालीं तो वारला, १९६२ सालीं त्याचें पुस्तक थांबलें, पण डबा मात्र अजून दुकानांत आहे. ज्यानें आयुष्यभर एकेका गांवचें वेगळेंपण टिपलें त्याचें नांव सर्वत्र एकच चव देणाऱ्या डब्यावर यावें, यांत त्याचा दोष किती व रस्त्याचा किती, याचा निवाडा मला करवत नाहीं.

कॉर्बिनची ती खानावळ १९९० सालीं जुन्या रूपांत पुन्हां उभी करण्यांत आली. जुनें स्वयंपाकघर, जुनीं टेबलें, प्रवाशांसाठीं बांधलेल्या खोलीचा एक नमुना, सर्व जागच्या जागीं मांडलें आहे. आणि पाहून झालें कीं त्याच इमारतींतील कंपनीच्या खिडकीवर सगळीकडे मिळते तीच कोंबडी विकत घेऊन त्या जुन्या टेबलांवर बसून खातां येते.