न दिसण्याचा पुरावा

'मेसॉन' हे नाव होमी भाभांनी सुचवलेलं. आधी 'मेसोट्रॉन' म्हणत. १९३९ मध्ये 'नेचर'ला धाडलेल्या छोट्याशा पत्रात भाभा म्हणाले, 'मधला' या अर्थाच्या ग्रीक शब्दात 'ट्र' नाहीच, मग तो उगाच कशाला? गंमत म्हणजे ज्या कणाबद्दल ते बोलत होते, तो म्युऑन आज मेसॉनांत गणला जात नाही. नाव मात्र टिकलं.

आता मुद्द्याचं. १९६० च्या दशकात तीनच क्वार्क ठाऊक होते. त्या हिशेबाने विद्युतभार नसलेला के-मेसॉन अधूनमधून फुटून दोन म्युऑन व्हायला हवे होते. ते काही दिसेनात. नाही दिसले, त्यात काय एवढं? पण कुमारिल भट्टांच्या मीमांसेत अनुपलब्धी, म्हणजे न दिसणं, हे स्वतंत्र प्रमाण आहे. नैयायिक तसं मानत नाहीत, तो वाद मोठा आहे. अट एवढीच, की वस्तू असती तर दिसलीच असती अशी स्थिती हवी. भर दुपारी अंगणात बैल दिसला नाही, तर बैल नाही. अमावस्येच्या रात्री दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही.

इथे दुपार होती. १९७० मध्ये ग्लाशो, इलिओपुलोस आणि मायानी यांनी मांडलं, की चौथा क्वार्क असेल तर दोन वाटांनी येणारे परिणाम एकमेकांना जवळजवळ खोडतात. तो क्वार्क कुणी पाहिलेला नव्हता. नोव्हेंबर १९७४ मध्ये ब्रुकहेवन आणि स्टॅनफर्डला त्याची खूण सापडली. माझ्या मते गेल्या शतकातलं हे अभावावरून केलेलं सर्वांत देखणं अनुमान.

पुढची पायरी बी-मेसॉनची. त्याचा एक प्रकार शंभर कोटींत तीन-चार वेळाच दोन म्युऑनांत फुटावा, असं प्रस्थापित सिद्धांत सांगतो. शंभर सोयाबीन दाण्यांचं वजन बारा ग्रॅम धरा. म्हणजे आपल्या वाशिमच्या बाजार समितीत बाराशे क्विंटल ओतायचं आणि त्यातून तीन-चार दाणे वेचायचे! जिनिव्हाजवळच्या सीएमएस आणि एलएचसीबी या दोन प्रयोगांनी २०१५ मध्ये मिळून ते वेचलेले दाखवले. सीएमएसमध्ये आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची माणसंही आहेत. आकडा सिद्धांताशी जुळला. अतिसममितीच्या कित्येक रूपांत तो बराच फुगायला हवा होता. ती रूपं तिथेच अडचणीत आली.

उलटही घडतं. २०२१ मध्ये एलएचसीबीने सांगितलं, की बी-मेसॉनच्या दुसऱ्या एका दुर्मिळ विघटनात म्युऑन आणि इलेक्ट्रॉन यांचं प्रमाण सारखं दिसत नाही. खूप गाजावाजा झाला. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनीच फेरतपासणी करून जाहीर केलं, की भेद नाही. इलेक्ट्रॉन म्हणून मोजलेले काही कण इलेक्ट्रॉन नव्हतेच.